ब्रॅडॉकचा डावा हात

१३ जून १९३५ ची रात्र. न्यूयॉर्कमधल्या लाँग आयलंड सिटीत मॅडिसन स्क्वेअर गार्डन बोल नावाचं उघडं मैदान होतं, तिथे हेवीवेट जगज्जेतेपदाची लढत लागली होती. एका कोपऱ्यात जगज्जेता मॅक्स बेअर. वय सव्वीस, उंचापुरा, रुंद खांद्यांचा, उजव्या हाताच्या एका फटक्यात सामना संपवणारा. दुसऱ्या कोपऱ्यात नुकतीच तिशी गाठलेला आणि वजनाला बेअरपेक्षा सुमारे सात किलोंनी कमी असलेला जिम ब्रॅडॉक. वर्षभरापूर्वीपर्यंत हा माणूस गोदीत माल उतरवत होता आणि घर चालवण्यासाठी सरकारी मदत घेत होता. पंधरा फेऱ्या झाल्या, निकाल एकमताने लागला आणि जगज्जेता बदलला.

याच गोष्टीवर रॉन हॉवर्डने २००५ मध्ये ‘सिंड्रेला मॅन’ हा चित्रपट केला. ब्रॅडॉक झालाय रसेल क्रो, त्याची बायको मे झाली आहे रेने झेल्वेगर आणि मॅनेजर जो गूल्ड झालाय पॉल जियामाटी. ‘सिंड्रेला मॅन’ हे नाव चित्रपटवाल्यांनी शोधलेलं नाही. डेमन रन्यन या पत्रकाराने त्या काळातच ते ब्रॅडॉकला बहाल केलं होतं. राखेत बसणारी मुलगी एका रात्रीत राजवाड्यात पोचते, तसा हा गोदीतून थेट जगज्जेतेपदावर पोचला, म्हणून.

चित्रपट माझ्या फार आवडीचा आहे, पण हे नाव मात्र मला दर वेळी खुपतं. सिंड्रेलाच्या मदतीला परी आली होती, ब्रॅडॉककडे कोणी आलं नाही. तो जिंकला त्याला कारणं होती. काही हाडांची, काही पोटाची, काही बॉक्सिंगच्या धंद्याची आणि काही निव्वळ गुणांच्या हिशोबाची. ती एकदा कळली की हाच चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना डोळे दुसरीकडे जातात, रसेल क्रोच्या चेहऱ्यावरून त्याच्या डाव्या हाताकडे.

आधी पैजेचं बघू. त्या रात्री ब्रॅडॉकवर भाव होता दहास एक. तुम्ही त्याच्यावर एक डॉलर लावलात आणि तो जिंकला, तर दहा डॉलर नफा. भाव म्हणजे पैसे लावणाऱ्या सगळ्यांच्या अंदाजाचा मिळून झालेला आकडा. दहास एक याचा अर्थ, अशा अकरा लढती झाल्या तर त्यातली एखादी ब्रॅडॉक जिंकेल, बाकीच्या दहा बेअर. म्हणजे शक्यता जेमतेम नऊ टक्के. पैज घेणारा स्वतःचा हिस्सा काढून ठेवतो, तो धरला तर आणखी कमी. इंग्रजीतला ‘अंडरडॉग’ हा शब्द आता आपल्याकडेही रुळलाय. त्याचा खरा अर्थ असा आकड्यात सांगता येतो: ज्याच्या बाजूने पैसे लावायला माणसं मिळत नाहीत तो.

भाव ठरवणाऱ्यांचं चुकलं कुठे? खरं तर त्यांनी मूर्खपणा काहीच केला नव्हता. त्यांच्यासमोर ब्रॅडॉकचा जुना हिशोब होता आणि तो वाईटच होता. जुलै १९२९ मध्ये तो लाइट हेवीवेट, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या वजनगटाच्या, जगज्जेतेपदासाठी टॉमी लॉक्रनशी पंधरा फेऱ्या लढला आणि गुणांवर हरला. त्यानंतरच्या ३३ लढतींपैकी तो २० हरला, ११ जिंकला आणि २ बरोबरीत सुटल्या. कागदावर हा संपलेला बॉक्सर दिसतो. पण तो का हरत होता, हे कागद सांगत नाही.

त्याचं उत्तर उजव्या हातात होतं. मनगटापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळहातात पाच लांब, बारीक हाडं असतात. बॉक्सर जोरात ठोसा मारतो तेव्हा पाय, कंबर, खांदा यांतून आलेली सगळी ताकद या हाडांच्या टोकांवर येते, आणि समोर बहुतेक वेळा असते ती कवटी. कवटी जाड आणि घट्ट असते, हाताची हाडं नाजूक. ग्लोव्ह आणि पट्ट्या असतात त्या समोरच्याला वाचवायला, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्या मारणाऱ्याचा हात जास्त वाचवतात, आणि तोही पुरता वाचत नाही.

असं हाड मोडलं तर जुळायला पाच-सहा आठवडे लागतात, आणि पूर्ण ताकदीने ठोसा मारण्याजोगं व्हायला त्याहून बरेच जास्त. ज्याच्या गाठीला पैसा आहे तो तेवढं थांबतो. ब्रॅडॉक थांबू शकत नव्हता, कारण बॉक्सरला पगार नसतो, लढलं तरच मिळकत. म्हणून तो अर्धवट जुळलेल्या हाताने लढायचा, हात पुन्हा मोडायचा, पुन्हा लढायचा. हरणं आणि गरिबी या दोघांनी एकमेकांना धरून ठेवलं होतं. चित्रपटात तो जायबंदी हात लपवून रिंगमध्ये उतरतो ते दृश्य पाहताना मला नेहमी वाटतं, बाकीचा सगळा चित्रपट त्या एका दृश्यातून निघतो.

हात उजवा असण्यालाही अर्थ आहे. बहुसंख्य बॉक्सर डावा पाय आणि डावा हात पुढे ठेवून उभे राहतात. पुढचा डावा हात चाचपण्यासाठी, अंतर मोजण्यासाठी, समोरच्याला सतत टोचत राहण्यासाठी. त्या सरळ, झटपट ठोशाला जॅब म्हणतात. मागचा उजवा हात जोराचा, कारण तो शरीराच्या पूर्ण वळणातून येतो. ब्रॅडॉकची सगळी भिस्त त्या उजव्यावर होती. डावा त्याच्याकडे होता एवढंच, कामाचा फारसा नव्हता. उजवा गेला म्हणजे दुकानातला एकुलता एक माल गेला.

२५ सप्टेंबर १९३३ ला माउंट व्हर्नन इथे एब फेल्डमनविरुद्ध लढताना उजवा पुन्हा मोडला आणि सामना निकालाशिवाय थांबवण्यात आला. बॉक्सिंग संपलं.

आता बाहेर काय चाललं होतं ते पाहायला हवं, कारण चित्रपटाचा पहिला तास त्याशिवाय नीट उमगत नाही. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला होता आणि त्यापाठोपाठ अमेरिकेत महामंदी आली. १९३३ साली दर चार कामगारांमागे साधारण एक बेकार होता. काम गेलं तर भत्ता मिळण्याची देशव्यापी सोय तेव्हा नव्हतीच. सामाजिक सुरक्षेचा कायदा अमेरिकेत आला ऑगस्ट १९३५ मध्ये, म्हणजे ब्रॅडॉक जगज्जेता झाल्यावर दोन महिन्यांनी. मे १९३३ पासून वॉशिंग्टनचं सरकार राज्यांना मदतीचा निधी देऊ लागलं होतं, पण गरजूने स्थानिक कचेरीत जायचं, रांग लावायची, घरात काही नाही हे सिद्ध करायचं आणि मग महिन्याची ठरावीक रक्कम घ्यायची, अशी ती रीत. न्यू जर्सीत राहणाऱ्या ब्रॅडॉकच्या घराला महिन्याला सुमारे २४ डॉलर मिळत. घरात तीन मुलं होती.

पुढे बॉक्सिंगचे पैसे येऊ लागल्यावर त्याने ही मदत सरकारला परत केली. चित्रपटात तो कचेरीच्या खिडकीत नोटा सरकवतो, ते लेखकाच्या डोक्यातून आलेलं वाटतं, पण ती रक्कम त्याने खरोखरच फेडली होती. कायद्याने तसं करण्याची सक्ती नव्हती. वर्तमानपत्रांनी ही बातमी उचलून धरली, आणि मंदीत होरपळलेल्या लाखो लोकांना तो आपला वाटला, त्यात या बातमीचा वाटा मोठा होता.

दरम्यान तो गोदीत जायचा. तिथली कामाची पद्धत चित्रपटात अगदी बरोबर दाखवली आहे. सकाळी फाटकापाशी माणसं गोळा व्हायची. मुकादम यायचा आणि गर्दीतल्या हव्या त्या माणसांकडे बोट दाखवायचा. बोट आलं त्याला त्या दिवसाचं काम, बाकीचे घरी. उद्याची काही हमी नाही. मुकादमाच्या मर्जीवर सगळं, त्यामुळे दुखणं लपवणं आलंच. हात मोडलाय हे कळलं तर बोट कोण दाखवणार?

आणि इथे ती गोष्ट घडली. उजवा हात निकामी, म्हणून पोती, पेट्या, गाठी उचलायच्या त्या डाव्या हाताने. हमालाचा लोखंडी आकडा डाव्या हातात धरायचा, मालात रोवायचा, खेचायचा. रोज, तासन् तास, महिनोन् महिने. दंड, खांदा, पाठ, पकड, सगळं डावीकडून घट्ट होत गेलं. जिममध्ये कोणी त्याला सांगितलं असतं की आठ महिने फक्त डावा हात वापर, तर ते त्याने केलं नसतं आणि त्याला परवडलंही नसतं. शिवाय आणखी एक गोष्ट घडत होती, तिच्याकडे चित्रपट फारसं लक्ष देत नाही. लढती बंद असल्याने उजव्या हाताला कवटीवर आपटावं लागत नव्हतं. चार वर्षांत पहिल्यांदा त्या हाडांना नीट जुळायला सवड मिळाली होती. ज्या काळाला त्याच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट काळ म्हणतात, त्याच काळात त्याचे दोन्ही हात दुरुस्त होत होते.

मग जून १९३४. कॉर्न ग्रिफिन नावाचा एक होतकरू हेवीवेट होता. बॉक्सिंगमध्ये नवा खेळाडू वर आणायचा तर त्याला मोठी पण थकलेली नावं देतात. ती नावं हरवत तो वर चढतो, लोकांना त्याची ओळख होते, आणि नंतर त्याच्या लढतीची तिकिटं महाग विकली जातात. थकलेल्या बॉक्सरचा उपयोग पायरीसारखा. एकेकाळी जगज्जेतेपदासाठी लढलेला, आता हातात काही नसलेला ब्रॅडॉक यासाठी अगदी योग्य होता. दोन दिवस आधी त्याला बोलावणं आलं. तयारीला वेळ नाही आणि मिळणार २५० डॉलर. घरात येणारी मदत लक्षात घेतली तर ही रक्कम म्हणजे दहा महिन्यांचा आधार होता.

त्याने ग्रिफिनला तिसऱ्या फेरीत संपवलं.

त्या रात्रीचा मुख्य सामना होता प्रिमो कार्नेरा आणि मॅक्स बेअर यांचा, आणि तोच जिंकून बेअर जगज्जेता झाला. तारीख १४ जून १९३४, मैदान तेच, मॅडिसन स्क्वेअर गार्डन बोल. ब्रॅडॉकने त्याच मैदानात बेअरकडून जगज्जेतेपद घेतलं ते ३६४ दिवसांनी. वर्ष भरायला एक दिवस कमी.

मधल्या काळात दोन लढती झाल्या, त्याही महत्त्वाच्या. नोव्हेंबर १९३४ मध्ये जॉन हेन्री लुईसला त्याने गुणांवर हरवलं. याच लुईसने दोन वर्षांपूर्वी ब्रॅडॉकला हरवलं होतं, आणि हाच लुईस पुढच्याच वर्षी लाइट हेवीवेटचा जगज्जेता झाला. मार्च १९३५ मध्ये आर्ट लास्कीला पंधरा फेऱ्यांत हरवलं. भाव बांधणाऱ्यांनी याच तीन लढतींकडे नीट पाहायला हवं होतं. समोर वर्षानुवर्षं हरणारा ब्रॅडॉक नव्हता. दोन हातांनी लढणारा ब्रॅडॉक लोक पहिल्यांदाच बघत होते, पण जुना आकडा डोक्यातून जात नव्हता.

आता मुख्य लढत. बेअरसारख्या राक्षसी ठोशाच्या माणसाला जॅबने कसं हरवता येतं, हे कळायला गुण कसे देत ते माहीत हवं. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा एक रेफरी आणि दोन पंच प्रत्येक फेरी स्वतंत्र पाहून ती कोणाची ते ठरवायचे. तीन मिनिटांची एक फेरी, अशा पंधरा. कोणी आडवा पडून रेफरीने दहा आकडे मोजेपर्यंत उठलाच नाही, म्हणजे नॉकआऊट झाला, तर प्रश्न मिटला, नाहीतर ज्याच्या नावावर जास्त फेऱ्या तो विजेता. फेरी थोडक्यात जिंकली काय आणि दणदणीत जिंकली काय, मोजताना ती एकच फेरी. बेअरचं बळ नॉकआऊटमध्ये होतं, फेऱ्या साठवण्यात नव्हतं. ब्रॅडॉकपुढचा प्रश्न त्यामुळे सोपा नव्हे, पण स्पष्ट होता. आडवं व्हायचं नाही, आणि पंधरापैकी आठ फेऱ्या थोड्या थोड्या फरकाने घ्यायच्या.

जॅबचा उपयोग इथे कळतो. बेअर उजवा हात लांबून, फिरवून आणायचा. असा ठोसा मारायला पाय रोवावे लागतात, क्षणभर जुळवाजुळव करावी लागते. त्या क्षणी तोंडावर डावा जॅब बसला की तोल जातो, अंतर बिघडतं, जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून. एका जॅबने कोणी पडत नाही. पण दर फेरीत तो पाच-पंचवीस वेळा बसला तर फेरी मारणाऱ्याची होते. ब्रॅडॉकने तेच केलं, पंधरा फेऱ्या. बेअरचे काही जबर ठोसे त्याने खाल्ले आणि उभा राहिला. त्याला नॉकआऊट करून दहा आकडे मोजायला लावणं, पंचाऐंशीच्या आसपास लढतींत, एका माणसालाच जमलं. तो माणूस पुढे येतोच.

बेअरने मदतही केली. सराव त्याने हलक्यात घेतला होता. रिंगमध्ये तो विदूषकी करत राहिला, हाताच्या मागच्या बाजूने मारण्यासारख्या नियमबाह्य फटक्यांपायी त्याला काही फेऱ्याही गमवाव्या लागल्या. एका ठोशात संपवू, या भरवशावर त्याने सुरुवातीच्या फेऱ्या सोडून दिल्या. शेवटी फेऱ्या कमी पडल्या.

चित्रपटाने सगळ्यात मोठा अन्याय केलाय तो याच माणसावर. पडद्यावरचा बेअर, क्रेग बिअर्कोने केलेला, दोन माणसांना ठोशांनी मारून त्याची फुशारकी मिरवणारा, समोरच्याच्या बायकोशी घाणेरडं बोलणारा खलनायक आहे. खरा बेअर असा नव्हता. ऑगस्ट १९३० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्याशी लढताना फ्रँकी कॅम्पबेल कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मेला, हे खरं आहे. पण बेअर त्यातून आयुष्यभर सावरला नाही. त्याने पुढच्या लढतींची कमाई कॅम्पबेलच्या कुटुंबाला दिली. दुसरा मृत्यू एर्नी शाफचा. बेअरने त्याला १९३२ मध्ये बेशुद्ध पाडलं होतं, पण तो मेला फेब्रुवारी १९३३ मध्ये, कार्नेराशी झालेल्या लढतीनंतर. शिवाय जून १९३३ मध्ये याच बेअरने चड्डीवर ज्यूंचा सहा टोकांचा तारा शिवून जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगला हरवलं होतं, हिटलर सत्तेवर आल्यानंतर अवघ्या काही महिन्यांत. बेअरच्या वडिलांचं घराणं ज्यू होतं. चित्रपट आला तेव्हा बेअरच्या मुलाने या चित्रणाबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली, आणि ती पूर्ण रास्त होती.

असं का करतात, हेही समजून घेता येतं. मंदी हा या गोष्टीतला खरा शत्रू, पण मंदीला चेहरा नसतो, तिला ठोसा मारता येत नाही. दोन तासांच्या गोष्टीला शेवटी रिंगमध्ये उभा राहणारा कोणीतरी लागतो. म्हणून बेअरला भयंकर केलं. गोदीतला मित्र माइक विल्सनसुद्धा असाच घडवलेला आहे. तो खराखुरा कोणी नव्हता, त्या काळच्या हजारो बेकारांचा राग एका माणसात ओतला आहे. माइक मला खटकत नाही, कारण त्याच्यामुळे कोणाची बदनामी होत नाही. बेअरचं नाव मात्र खरं होतं, त्याची मुलं होती, कॅम्पबेलचंही कुटुंब होतं. खरी नावं घेऊन गोष्ट सांगणाऱ्याने एवढं भान ठेवायला हवं होतं.

चित्रपट बेअरवरच्या विजयाशी थांबतो आणि पुढचं पडद्यावर चार ओळींत लिहून मोकळा होतो. माझ्या मते खरी गंमत तिथेच सुरू होते. जगज्जेत्या ब्रॅडॉकची पुढची लढत करारानुसार श्मेलिंगशी ठरली होती. श्मेलिंगने जून १९३६ मध्ये जो लुई या तरुण कृष्णवर्णीय बॉक्सरला बाराव्या फेरीत हरवलं होतं, त्यामुळे हक्क त्याचाच. पण नाझी जर्मनीच्या बॉक्सरच्या लढतीवर बहिष्काराची हाक अमेरिकेत उठत होती, आणि जगज्जेतेपद जर्मनीत गेलं तर ते परत कधी मिळेल याची शाश्वती नव्हती. लुईशी लढत लावली तर गर्दी प्रचंड होणार होती. जो गूल्डने श्मेलिंगला सोडून लुईशी सौदा केला. ब्रॅडॉकचा करार ज्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन कंपनीशी होता, तिने लुईशी ठरलेली लढत थांबवायला कोर्टात धाव घेतली, पण कोर्टाने मनाई दिली नाही.

सौद्यातली मेख अशी: लुई जिंकला तर त्याचे सामने भरवणाऱ्या माइक जेकब्सच्या नफ्यातला दहा टक्के वाटा पुढची दहा वर्षं ब्रॅडॉकच्या बाजूला. २२ जून १९३७ ला शिकागोत पहिल्याच फेरीत ब्रॅडॉकने लुईला खाली पाडलं, पण आठव्या फेरीत लुईने त्याला असं झोपवलं की उठणं शक्यच नव्हतं. जगज्जेतेपद गेलं. आणि लुई पुढे १९४९ पर्यंत जगज्जेता राहिला.

एकेकाळी फाटकापाशी मुकादमाच्या बोटाची वाट पाहणारा माणूस आता हरूनही कमावत होता. हे चित्रपटात हवं होतं. शहाणपणाने सौदा करणारा नायक कदाचित कमी रडवतो, पण ब्रॅडॉक आणि गूल्ड यांनी बेअरविरुद्ध जेवढी हुशारी दाखवली तेवढीच इथेही दाखवली.

जानेवारी १९३८ मध्ये टॉमी फारला हरवून त्याने ग्लोव्ह उतरवले. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात होता. नंतर जहाजांच्या जुन्या सामानाचा व्यवसाय केला, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, पन्नाशी उलटून गेल्यावर, न्यूयॉर्क बंदराच्या तोंडावर उभ्या राहत असलेल्या व्हेराझानो पुलाच्या कामावर गेला. पूल १९६४ मध्ये खुला झाला. न्यूयॉर्क बंदरात समुद्रातून येणारी मालाची बहुतेक जहाजं त्याच पुलाखालून आत शिरतात.